दुसऱ्या सहीची जागा

निवृत्तीनंतर वारज्यातल्या सोसायटीत राहायला आले, तेव्हा शेजारच्या लिमयेकाकांनी पहिल्याच आठवड्यात जिन्यात गाठून माझी चौकशी केली. काका निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी साधं "कशा आहात" विचारलं तरी तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखं वाटतं.

"रुग्णालयात होता म्हणजे डॉक्टर?"

नाही म्हटलं.

"मग सिस्टर?"

तेही नाही. मी सांगितलं, की मी किरणोपचार विभागात भौतिकशास्त्रज्ञ होते आणि शेवटची काही वर्षं दुसऱ्या रुग्णालयांतले असेच विभाग तपासायला जात होते. काकांनी चष्मा वर सरकवला.

"म्हणजे आजाऱ्याला डॉक्टर तपासतात आणि डॉक्टरांना आपण तपासता. उत्तम. मग आपल्याला कोण तपासायचं?"

मी नुसती हसले. काकांना वाटलं, त्यांनी मला निरुत्तर केलं. खरं तर उत्तर होतं, पण ते जिन्यात उभ्या उभ्या सांगण्याइतकं लहान नव्हतं. या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहाल का, अशी विचारणा झाली तेव्हा म्हटलं, चला, काकांना सविस्तर उत्तर देऊन टाकू. शिवाय ती गोष्ट घडली होती दिवाळीतच.

आधी काम सांगते. कर्करोगाच्या गाठीवर यंत्रातून किरण सोडतात. रोज थोडे थोडे, असे काही आठवडे. किती सोडायचे आणि कुठे, ते डॉक्टर ठरवतात. यंत्रातून तेवढेच निघतात का आणि तिथेच पडतात का, हे बघणं भौतिकशास्त्रज्ञाकडे असतं. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, अंगावर पडले तरी कळत नाहीत. त्यामुळे चूक झाली तर ती त्या क्षणी कोणालाच समजत नाही. समजते ती काही महिन्यांनी, आणि तोवर ती रुग्णाच्या अंगात मुक्कामाला गेलेली असते.

म्हणून आमच्याकडे कोणतीही गोष्ट एकट्याच्या भरवशावर सोडत नाहीत. एकानं काम करायचं आणि सही करायची. मग दुसऱ्यानं, पहिला कितीही हुशार असला तरी तो चुकलाच असणार असं धरून, सगळं पुन्हा बघायचं आणि आपली सही करायची. प्रत्येक कागदावर शेजारी शेजारी दोन चौकटी असतात. पहिली सही कामाची, दुसरी संशयाची. बाहेरच्या माणसाला हे कारकुनी वाटेल. पण आमची सगळी सुरक्षितता त्या दुसऱ्या चौकटीत राहते.

आणि मला सहीचं भारी कौतुक. जामखेडला आमच्या घरात माझ्याआधी कोणी सही केलेली नव्हती. वडील तेलाच्या घाण्यावर कामाला, आई लोकांच्या पापड-कुरडया करून द्यायची. घरात जो काही कागद असेल त्यावर निळा अंगठा. दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी वहीच्या मागच्या पानावर माझ्याकडून सही गिरवून घेतली. पान भरलं तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी एका सहीवर बोट ठेवून म्हणाले, ही तुझी, आता जन्मभर बदलायची नाही. पुढे पुण्यात कमवा-शिका योजनेत कॉलेजच्या बागेला पाणी घालत बी.एस्सी. झाले, शिष्यवृत्तीवर पुढचं शिकले. माझ्या शिक्षणाला इतके हात लागलेत की सगळ्यांची नावं लिहायची तर हा अंक पुरणार नाही. रुग्णालयाच्या हजेरीपटावर पहिल्या दिवशी सही केली, ती गुरुजींनी बोट ठेवलेलीच. नंतर त्या सहीनं रोज वीस-पंचवीस ठिकाणी मिरवायला सुरुवात केली.

आमच्या विभागात तेव्हा एकच यंत्र होतं आणि तळघरातल्या बाकांवर सकाळपासून रुग्ण बसलेले असायचे. प्रमुख होते डॉक्टर आपटे. नारायण पेठेतले. बोलणं मोजकं, आणि मोजलेला प्रत्येक शब्द लागायचाच. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञांत सर्वांत अनुभवी सलीम इनामदार. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या अत्तराचं दुकान. ते स्वतः मात्र तळघरात रमले. रुग्णाला टेबलावर कसं झोपवायचं हे मी पुस्तकात वाचलं आणि इनामदारांकडून शिकले.

टेबलाभोवतीच्या भिंतींतून बारीक लाल प्रकाशरेषा येतात. रुग्णाच्या अंगावर आम्ही शाईनं तीन फुल्या काढलेल्या असतात, एक छातीवर आणि दोन कुशींवर. लाल रेषा फुल्यांवर जुळल्या की रुग्ण रोज त्याच जागी असतो. फुल्या पुसल्या तर जागा हरवली. म्हणून आठवड्यातून एकदा, आणि सुट्टीनंतर पहिल्या दिवशी, यंत्रातूनच एक फिल्म काढायची, तिच्यातली हाडं उपचार आखताना काढलेल्या मूळ नकाशाशी ताडून बघायची. फिल्म काढणाऱ्याची पहिली सही, बघणाऱ्याची दुसरी. दुसरी सही झाल्याशिवाय दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू करायचं नाही. हा नियम मीच लिहिला होता.

त्या वर्षी डॉक्टर आपट्यांनी एक धाडस केलं. बाहेरच्या रुग्णालयांतल्या तीन जाणकारांना आमचा विभाग तपासायला बोलावलं. याला क्लिनिकल ऑडिट म्हणतात. सरकारी परवान्याची तपासणी वेगळी. हे आपणहून बोलावलेलं संकट. आपल्याच धंद्यातली माणसं चार दिवस येऊन बसतात, फायली काढतात, काम बघतात आणि विचारतात, तुम्ही करतो म्हणता ते खरंच करता का? तेव्हा आपल्याकडे ही पद्धत फारशी कोणी ऐकलेली नव्हती. तारीख ठरली दिवाळीनंतरचा सोमवार.

मग काय, शाळातपासणीच आली. जामखेडला साहेब येणार म्हटलं की आम्ही वर्ग सारवून काढायचो आणि कच्ची मुलं मागच्या बाकावर बसवायचो. इथे पडदे धुतले, फायलींना नवी कव्हरं चढली. मी रुग्णांना द्यायचं सूचनापत्रक पुन्हा लिहून काढलं आणि अगदी शुद्ध मराठीत छापून घेतलं. 'चिन्हांकित भागाचे प्रक्षालन कटाक्षाने वर्ज्य करावे.' हे वाक्य जमलं तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

या धांदलीत दिवाळी आली. यंत्र लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला बंद, भाऊबीजेला सुरू, कारण उपचारात फार खंड पडून चालत नाही. माझा भाऊ जामखेडला. दोन वर्षं मी भाऊबीजेला गेले नव्हते, आणि यंदा आली नाहीस तर ओवाळायला फोटो पाठव, असा त्याचा निरोप आला होता. मी गुरुवार-शुक्रवार रजा टाकली. पण गुरुवारी सुट्टीनंतरच्या सात फिल्म निघणार होत्या. त्या बघायच्या कोणी? डॉक्टर आपटे होते, त्यांनी आनंदानं बघितल्या असत्या. पण साहेबांना काम कसं सांगायचं, हे मला इतकी वर्षं पुण्यात काढूनही जमलेलं नव्हतं. आणि सही नसेल तर शुक्रवारी इनामदार नियमाप्रमाणे सात जणांना परत पाठवतील. त्यातले काही लांबून यायचे.

मी काय केलं असेल? निघण्याआधी रजिस्टर उघडलं आणि गुरुवारच्या सातही रिकाम्या चौकटींत सह्या करून ठेवल्या. चांगल्या, ठसठशीत, गुरुजींच्या वळणाच्या. कोणाची गैरसोय नको, एवढाच विचार होता. आल्यावर फिल्म बघू म्हटलं.

शनिवारी आले ती थेट सोमवारच्या तयारीत पडले. रजिस्टरवरून नजर फिरवली, सगळ्या चौकटी भरलेल्या. पुढे गेले. सही दिसली की डोळा पुढे सरकतो, मग ती स्वतःची का असेना.

सोमवारी पथक आलं. प्रमुख होते नागपूरचे देशमुख सर. माझ्याच विषयातले, पण केसांनी आणि अनुभवानं पिकलेले. आवाज इतका हळू की ऐकायला सगळ्यांना गप्प बसावं लागे. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, की आम्ही चुका मोजायला आलो नाही, तुमच्याकडे चूक झाली तर ती सापडते कशी, एवढंच बघायचंय. आम्ही माना डोलावल्या. विश्वास कोणाचाच बसला नाही. इनामदार माझ्या कानाशी म्हणाले, "आमचे जावई पण पहिल्या दिवशी हेच म्हणाले होते. काही नको, फक्त चहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी देशमुख सर दिसेनात. फायलींच्या खोलीत नाहीत, यंत्राजवळ नाहीत. ते ओळखपत्र खिशात घालून रुग्णांच्या बाकावर जाऊन बसले होते. शेजारी होत्या कौसाबाई.

कौसाबाई आणि मारुतराव वाघोलीचे. तिकडे तेव्हा अजून शेतं होती. मारुतरावांच्या छातीत लसिकाग्रंथींची गाठ होती. उपचार निम्म्यावर आले होते आणि गाठ हटत होती. मारुतराव कानानं जरा मंद, सगळ्याला होकार द्यायचे. बोलायचं खातं कौसाबाईंकडे. देशमुख सरांनी दिवाळी कशी झाली एवढंच विचारलं असेल. कौसाबाईंनी सगळी दिवाळी सांगितली. त्यात हेही सांगितलं, की आजारी माणसाला सणाची आंघोळ नको का, म्हणून मारुतरावांना उटणं लावून दोन्ही दिवस खसखसून न्हाऊ घातलं, शाई गेली, आणि मग त्यांनी स्वतः फुल्या पुन्हा काढल्या. नातवाच्या स्केचपेननं.

देशमुख सर आत आले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता. मारुतराव या रुग्णाची भाऊबीजेच्या दिवसाची फिल्म बघायला मिळेल का, म्हणाले. का ते सांगितलं नाही. इनामदार पाकीट घेऊन आले. पाकीट चिकटवलेलंच होतं. शेजारी रजिस्टर उघडून ठेवलं. डॉक्टर आपटे भिंतीला टेकून उभे होते.

देशमुख सरांनी चौकटीवर बोट ठेवलं. गुरुजींनी ठेवलं होतं तसंच.

"ही सही आपली?"

"हो."

"ही फिल्म आपण पाहिली होती?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी बाकावर ऐकलेलं सगळं सांगितलं. उटणं, शाई, स्केचपेन. म्हणजे गुरुवारी आणि शुक्रवारी, आणि सोमवारीही, तीन दिवस मारुतरावांवर किरण सोडले गेले ते कौसाबाईंनी काढलेल्या फुल्यांवर. गाठीच्या मागे पाठीचा कणा, त्यात मज्जारज्जू. नकाशा असा आखलेला, की तो वाचावा. जागा दोन बोटं सरकली असेल तर गाठ सुटली आणि मज्जारज्जू सापडला. आणि ते सांगणारी फिल्म पाकिटात, न उघडता.

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. पाहिली, मग पाकीट पुन्हा चिकटवलं. कोण विचारणार होतं? त्या क्षणी मला नोकरी दिसली, आमच्या घराण्यातला पहिला पगार दिसला, जामखेडच्या शाळेतल्या फळ्यावर लिहिलेलं माझं नाव दिसलं. पण पलीकडच्या खोलीत मारुतराव सदरा काढून टेबलावर चढायच्या बेतात होते. मी हो म्हटलं असतं तर लाल रेषा पुन्हा त्याच फुल्यांवर जुळल्या असत्या.

"नाही पाहिली," मी म्हटलं. "मी गावाला होते. सही आधीच करून गेले होते. सातही ठिकाणी. आज यंत्र थांबवा, सर."

मग इनामदार म्हणाले, "सर, पाकीट मीच ठेवलं. सही दिसत होती, मॅडम दिसत नव्हत्या. मला विचारता आलं असतं. आणि फुल्या इतक्या सुबक होत्या. आमच्यात इतकी सरळ रेघ कोणाला येते? तिथेच कळायला हवं होतं."

यंत्र थांबलं. पाकीट फोडून फिल्म उजेडाच्या काचेवर लावली. मी मूळ नकाशा शेजारी लावला. एरवी हे काम माझं, पण देशमुख सरांनी पट्टी मला दिली नाही. त्यांनी मोजलं, आणि दुसऱ्यांदा डॉक्टर आपट्यांना मोजायला लावलं. पहिल्याचा आकडा दुसऱ्याला न सांगता. मी हात मागे बांधून उभी होते. मणक्यांची ओळख पटवून मोजायला दहा मिनिटं लागली असतील. जामखेड ते पुणे एसटीचा प्रवास मला त्याहून लहान वाटला होता.

देशमुख सर म्हणाले चार मिलिमीटर. आपटे म्हणाले चार, फार तर साडेचार. आमची मर्यादा पाच मिलिमीटरची. किरण गाठीवरच पडले होते. मज्जारज्जू यंत्रातल्या शिशाच्या पडद्याआड सुरक्षित होता.

मला खुर्ची कोणी दिली ते आठवत नाही. बाकीच्या सहा फिल्मही तेव्हाच उघडल्या. त्या बिनचूक होत्या. त्यांच्या घरी कौसाबाई नव्हत्या.

देशमुख सरांना मात्र चैन पडेना. चार मिलिमीटर कसे? शिकलेल्या तंत्रज्ञाला लाल रेषांशिवाय एवढं जुळवता येणार नाही. त्यांनी कौसाबाईंना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि विचारलं, की फुल्या नेमक्या त्याच जागी कशा काढल्या. कौसाबाईंना वाटलं, काढल्या म्हणून रागावतायत. पदर सावरून म्हणाल्या, "आवं, पुसायच्या आधी मापं घेतली की. पुसल्यावं कशी घेनार?"

कमरेच्या पिशवीतून त्यांनी दोऱ्याची गुंडी काढली. पांढरा दोरा, त्यावर गाठी. कंठाच्या खळीपासून छातीवरच्या फुलीपर्यंत एक गाठ. बेंबीपासून फुलीपर्यंत दुसरी. दोन्ही काखांपासून कुशींवरच्या फुल्यांपर्यंत दोन. नवऱ्याला घोंगडीवर उताणा निजवून, श्वास सोडून गप पडायला लावून घेतलेली मापं. आंघोळीनंतर त्याच घोंगडीवर पुन्हा तसाच निजवून काढलेल्या फुल्या. आणि मग, हे मला आजही सांगताना हसू येतं, शेजारणीला बोलावून तिच्याकडून दोरा पुन्हा लावून बघितला होता. का, विचारलं तर म्हणाल्या, "माजंच माप, मला बराबरच वाटनार न्हवं?"

दुसरी सही. माझ्या तळघरात जी झाली नाही ती वाघोलीच्या ओसरीवर झाली होती.

देशमुख सरांनी दोरा हातात घेतला, दिव्याकडे धरून गाठी बघितल्या आणि तिथल्या तिथे पट्टीवर मोजून वहीत उतरवून घेतल्या. मग विचारलं, की फुल्या पुसायच्या नाहीत असा कागद दिला होता ना?

"त्यो कागुद? देवापाशी ठिवलाय. लई मोठ्या भाषेत हाय. आमाला वाटलं मंतर हाय."

डॉक्टर आपट्यांना इतकं हसताना मी त्याआधी आणि नंतरही पाहिलं नाही. प्रक्षालन वर्ज्य करणारी मी तोंड कुठे लपवावं या विचारात होते. जाता जाता कौसाबाईंनी आमच्या पद्धतीवर शेवटचा शेरा मारला. त्यांनी हात पुढे केला. मनगटाच्या वर हिरवं गोंदण होतं. म्हणाल्या, "शाईचं नाटक कशापायी? ठिपका गोंदायचा. हे लगनाच्या आधीचं हाय. कितीबी न्हावा, जात न्हाई."

मोठ्या केंद्रांत ठिपका गोंदायची पद्धत होतीच. आम्ही पुस्तकात वाचलेलीही होती. पण आपले लोक तयार होणार नाहीत, असं आम्हीच ठरवून बसलो होतो. पुढच्या महिन्यापासून आम्ही गोंदायला लागलो. एकानंही नकार दिला नाही. पहिला ठिपका मारुतरावांचा, लाल रेषा नीट जुळवून. गोंदल्यावर छातीकडे बघत म्हणाले, "एवढुसाच? आमाला वाटलं नाव लिवनार."

चौथ्या दिवशी पथकानं अहवाल वाचून दाखवला. माझ्या सात सह्यांचा उल्लेख पहिल्याच पानावर होता. कुठेही मऊ केलेला नव्हता. पण खाली दोन वाक्यं होती. एक, की चूक लपवली गेली नाही आणि उपचार तत्काळ थांबवले गेले. दुसरं, की चांगल्या पद्धतींच्या यादीत रुग्णाच्या पत्नीनं केलेलं पुनर्मापन नोंदवलं आहे. अहवाल संपल्यावर डॉक्टर आपटे माझ्याकडे वळले. आता येणार हे माहीत होतं.

"मॅडम, आपली सही सुरेख आहे. यापुढे गावाला जाताना तीही बरोबर नेत चला."

बस्स, एवढंच. नोकरी राहिली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या टेबलावर उजेडाची काच बसवून घेतली आणि मला सांगितलं, की रजेवर जाताना माझ्या खोलीत येऊन "साहेब, उद्या फिल्म बघा" असं स्पष्ट म्हणायचं. सराव म्हणून त्यांनी माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा इनामदारांना साक्षीला बोलावलं.

त्या रविवारी शेजाऱ्यांच्या फोनवर आईशी बोलले. तिला यातलं काय कळणार म्हणून आधी टाळत होते, पण राहवलं नाही. न बघता सही केली, एवढं सांगितलं.

"मला वाचाया येत न्हाई," आई म्हणाली, "म्हनून म्या अंगठा द्यायच्या आधी दोन मानसांकडनं वाचून घ्यायची. येगयेगळ्या. तुला वाचाया येतंय, तर तू वाचलंच न्हाईस व्हय?"

मी आयुष्यात पुष्कळ परिषदांना गेले. सुरक्षिततेवर याहून नेमकं मी कुठे ऐकलं नाही.

मारुतरावांचे उपचार वेळेवर पूर्ण झाले. गाठ गेली. पुढे कित्येक वर्षं ते तपासणीला येत राहिले, आणि कौसाबाई दर खेपेला पिशवीभर वांगी आणून इनामदारांच्या टेबलावर ठेवायच्या. इनामदार प्रत्येक वेळी विचारायचे, मोजून आणलीत ना? सूचनापत्रक मी कौसाबाईंना समोर बसवून पुन्हा लिहिलं. 'फुल्या पुसू नका. पुसल्या तर स्वतः काढू नका, आम्हाला सांगा.' दुसरं वाक्य त्यांच्याच सन्मानार्थ.

काही वर्षांनी देशमुख सरांनी मला त्यांच्या पथकात घेतलं. मला वाटलं, चुकून नाव घातलं. ते म्हणाले, की न चुकलेल्या माणसाला मी नेत नाही, त्याला कुठे बघायचं ते कळत नाही. मग मी गावोगावचे विभाग बघितले. धुतलेले पडदे बघितले, फायलींची नवी कव्हरं बघितली. सगळीकडे मी आधी बाकावर जाऊन बसायची. तिथे एखाद्या कौसाबाई असतातच.

रजिस्टर बघताना मात्र मी भरलेल्या चौकटींना घाबरायची. एका शाईनं, एका दमात, महिनाभर ओळीनं भरलेल्या सह्या दिसल्या की मी थेट पाकिटं मागवायची.

निवृत्तीआधीचं माझं शेवटचं ऑडिट एका लहान शहरातल्या रुग्णालयात होतं. तिथली भौतिकशास्त्रज्ञ मुलगी नवी होती, नोकरीला वर्षही झालेलं नसावं. बोलण्यावरून खेड्यातल्या शाळेची वाटली आणि मला उगाच जवळची झाली. मी रजिस्टर उघडलं. एका बुधवारी दुसऱ्या सहीच्या पाच चौकटी रिकाम्या होत्या. तिनं पटकन पानावर हात ठेवला. रडवेली होऊन सांगू लागली, की ती आजारी होती, फिल्म बघायला कोणी नव्हतं, म्हणून तिनं फोन करून गुरुवारी यंत्र बंद ठेवायला लावलं. पाच रुग्ण परत गेले, नातेवाईक भांडले, वरिष्ठ रागावले. शुक्रवारी तिनं फिल्म बघितल्या, त्या दिवसाखाली नोंद केली, पण बुधवारची जागा तशीच राहिली. तपासणी येणार म्हणून तिला सगळे म्हणत होते, की ती भरून टाक.

"मॅडम, आता करू का सही? पान वाईट दिसतंय."

तिनं पेन उघडलंसुद्धा होतं. मी तिचा हात धरून बाजूला केला आणि त्या पाच रिकाम्या चौकटी नीट बघून घेतल्या. इतकं सुंदर पान मी त्या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

"नको गं," मी म्हटलं. "राहू दे तशीच."